माशांच्या कल्ल्यांतील व मूत्रपिंडांतील लवणनियमन

माशाच्या रक्तातील लवणांचे प्रमाण सभोवतालच्या पाण्यातील प्रमाणाशी सहसा जुळत नाही, ही गोष्ट प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यास परिचित असते. परंतु या विसंगतीची तीव्रता आकड्यांवाचून ध्यानी येत नाही. समुद्राच्या पाण्याचे तर्षणमान दर किलोग्रॅमला सुमारे १,००० मिलिऑस्मोल असते. नदीच्या वा तलावाच्या पाण्याचे ते क्वचितच १० च्या वर जाते. या दोन टोकांच्या दरम्यान अस्थिमत्स्यांचे रक्त मात्र ३०० ते ३५० मिलिऑस्मोलच्या आसपास, एका अरुंद पट्ट्यात, स्थिर राहते. सुरमई खाऱ्या पाण्यात राहते आणि रोहू गोड्या पाण्यात. तथापि दोघांच्या रक्ताची तुलना केली तर त्यांत पडणारा फरक त्यांच्या पाण्यांतील फरकाच्या मानाने अगदी किरकोळ होय.

हा फरक टिकविणे सोपे झाले असते, जर माशाचे सर्व शरीर खवल्यांनी व श्लेष्मल त्वचेने पाण्यापासून अलग ठेवता आले असते. परंतु माशाला श्वसन करावे लागते, आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू मुळातच थोडा. तो पुरेसा मिळावा म्हणून कल्ल्यांचा पृष्ठभाग विस्तृत, रक्त व पाणी यांमधील पडदा अत्यंत पातळ, आणि दोन्हींचा प्रवाह अखंड असावा लागतो. प्राणवायूला आत येऊ देणारा हा पडदा पाण्याला आणि लवणांनाही थोडीफार वाट देतोच. खाऱ्या पाण्यातील माशाच्या शरीरातून पाणी सतत बाहेर झिरपते व लवणे आत शिरतात. गोड्या पाण्यातील माशाच्या बाबतीत नेमके उलट घडते. समुद्रातील मासा पाण्यात राहून तहानलेला असतो असे म्हटले जाते, ते अलंकारिक वाटले तरी शरीरक्रियेच्या दृष्टीने अक्षरशः खरे आहे.

सस्तन प्राण्यांच्या शरीरक्रियेवर पोसलेल्या अभ्यासकाचे लक्ष अशा वेळी साहजिकच मूत्रपिंडाकडे वळते. लवण अधिक झाले तर ते मूत्रावाटे टाकले जाईल, एवढाच त्याचा तर्क. हा तर्क समुद्री अस्थिमत्स्यांना लागू पडत नाही, हे न्यूयॉर्क विद्यापीठातील होमर स्मिथ याने १९३० साली दाखवून दिले. त्याने ईल, म्हणजे आपल्याकडील वाम-अहेर यांच्या वर्गातील सर्पाकृती मासे, आणि इतर काही समुद्री मासे घेतले. पाण्यात फिनॉल रेड हा रंग मिसळला असता तो त्यांच्या आतड्यात साठत गेला व उत्तरोत्तर दाट होत गेला. अर्थ उघड होता. मासा समुद्राचे पाणी पीत होता, आणि त्यातील पाणी आतड्यातून शोषले जात असताना रंग मागे उरत होता. प्यालेल्या पाण्यातील सोडियम व क्लोराइड यांचाही बहुतेक भाग पाण्याबरोबर रक्तात जात होता. मॅग्नेशियम आणि सल्फेट मात्र मोठ्या प्रमाणात आतड्यातच मागे राहत होते.

येथून पुढचा भाग केवळ हिशेबाचा आहे, आणि या विषयातील सर्वांत निर्णायक युक्तिवाद तोच होय. समुद्री अस्थिमत्स्याचे मूत्र रक्ताहून अधिक दाट कधीच होत नाही. सस्तन प्राण्यांच्या मूत्रपिंडात मूत्र घट्ट करणारे हेन्लेचे वलय असते, ते माशांत नाही. समजा, माशाने एक लिटर समुद्रजल प्राशन केले. त्याबरोबर सुमारे १,००० मिलिऑस्मोल द्राव्य आत आले. रक्ताइतक्याच, म्हणजे ३५० मिलिऑस्मोल दाटीच्या मूत्रातून ते बाहेर टाकायचे तर जवळजवळ तीन लिटर मूत्र विसर्जित करावे लागेल. एक लिटर मिळविण्यासाठी तीन लिटर गमवायचे! असा मासा पाणी पिऊन अधिकच वाळेल. प्रत्यक्षात समुद्री माशाचे मूत्र दिवसाकाठी शरीरभाराच्या एक-दोन टक्केच भरते, आणि त्यात सोडियम-क्लोराइडचा अंश अल्प असून मॅग्नेशियम व सल्फेट यांचे प्राबल्य असते. तेव्हा सोडियम-क्लोराइड बाहेर पडण्याचा मार्ग मूत्रपिंडाखेरीज दुसरा कोणता तरी असला पाहिजे. तो मार्ग कल्ल्यांतून जात असावा, असे अनुमान स्मिथने मांडले. प्रत्यक्ष दर्शन त्याला घडले नव्हते; उरलेले सर्व मार्ग हिशेबाने बंद झाले, म्हणून हा एक शिल्लक राहिला.

दर्शन घडविण्याचे काम अँसेल कीज या तरुण अमेरिकन संशोधकाने कोपनहेगन येथे ऑगस्ट क्रोग याच्या प्रयोगशाळेत केले. (आहारातील स्निग्धांश व हृदयविकार यांसंबंधीच्या संशोधनाने पुढे जगप्रसिद्ध झालेला कीज तो हाच.) त्याने ईलचे हृदय व कल्ले एकत्र जिवंत ठेवून आतून रक्तसदृश द्रव आणि बाहेरून समुद्रजल खेळविण्याची युक्ती सिद्ध केली. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत आतील द्रवातील क्लोराइड बाहेरच्या, कितीतरी अधिक खाऱ्या, पाण्यात जाताना आढळले. पुढच्याच वर्षी कीज व विल्मर यांनी कल्ल्यांच्या तंतूंवर मोठ्या आकाराच्या, दाणेदार दिसणाऱ्या पेशी वर्णिल्या आणि हे कार्य त्यांचेच असावे असे सुचविले. या पेशी पुढे ‘क्लोराइड पेशी’ या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या.

हे नाव दिले गेले तेव्हा त्याला भक्कम आधार नव्हता, आणि कित्येक वर्षे ते वादग्रस्त राहिले. क्लोराइड बाहेर टाकणारी पेशी हीच, याचा प्रत्यक्ष पुरावा १९८२ साली फॉस्केट व शेफी यांनी दिला. तिलापिया माशाच्या कल्ल्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूस असलेल्या पातळ पडद्यात अशा पेशी दाटीने असतात. या सपाट पडद्यावरून सूक्ष्म कंपित विद्युदग्र फिरविले असता विद्युत्-प्रवाह नेमका या पेशींच्या मुखांतूनच निघताना दिसला. सुचविलेले नाव पन्नास वर्षांनी खरे ठरण्याचा योग शरीरक्रियाशास्त्रात वारंवार येत नाही.

दरम्यान एक विलक्षण कोडे उद्भवले होते. येन्स स्कोऊ याने १९५७ साली खेकड्याच्या चेतातंतूंत सोडियम-पोटॅशियम एटीपेझ हे एंझाइम शोधले. हा पंप पेशीतील तीन सोडियम आयन बाहेर काढतो, दोन पोटॅशियम आयन आत घेतो, आणि त्यासाठी एटीपीची ऊर्जा वापरतो. समुद्री माशांच्या कल्ल्यांत हे एंझाइम विपुल सापडले, तेव्हा ते समुद्राकडील बाजूस बसून सोडियम बाहेर फेकत असणार, असे गृहीत धरले गेले. १९७६ साली कार्नाकी व त्याच्या सहकाऱ्यांनी किलिफिश या माशाच्या कल्ल्यांत किरणोत्सर्गी उआबेन वापरून पंपाचे स्थान निश्चित केले. उआबेन हे मुळात आफ्रिकेतील बाणांवर लावण्याचे वनस्पतिज विष. ते या पंपाला घट्ट चिकटते. पंप आढळला तो उलट्या बाजूस, म्हणजे पेशीच्या रक्ताकडील पृष्ठभागावर. तेथे बसून तो सोडियम समुद्रात नव्हे, तर रक्तातच परत ढकलत होता.

याची उकल सिल्व्हा व सहकाऱ्यांनी १९७७ साली मांडली, आणि तिची रूपरेषा आजही ग्राह्य आहे. पंपाने पेशीतील सोडियम सतत उपसल्यामुळे पेशीत सोडियमची तूट राहते. ही तूट भरून काढण्यासाठी सोडियम रक्तातून पेशीत येऊ पाहतो. पण त्याच्या वाटेवर जो वाहक प्रथिनाचा दरवाजा आहे तो सोडियमला एकट्याला आत घेत नाही. एक सोडियम, एक पोटॅशियम आणि दोन क्लोराइड अशी चौकडी एकत्र जमली तरच तो उघडतो. सोडियमला पंप पुन्हा बाहेर काढतो, पोटॅशियम आपल्या वाटेने रक्ताकडे परततो. क्लोराइड मात्र पेशीत साचत जातो. समुद्राकडील मुखाशी क्लोराइडसाठी एक मार्ग असतो, त्यातून तो बाहेर पडतो. पंप प्रत्यक्ष क्लोराइडला स्पर्शही करीत नाही. त्याने निर्माण केलेल्या उताराचा उपयोग क्लोराइड करून घेतो.

मग सोडियमचे काय? येथे विद्युत्-भाराचा विचार करावा लागतो. ऋण भाराचा क्लोराइड बाहेर पडत राहिल्याने रक्त समुद्राच्या मानाने २० ते ३५ मिलिव्होल्टने धन होते. समुद्रात सोडियम दर लिटरला सुमारे ४७० मिलिमोल आणि रक्तात सुमारे १६० मिलिमोल धरल्यास, सोडियमचा समतोल साधणारा विद्युत्-विभव सुमारे २७ मिलिव्होल्ट येतो. म्हणजे रक्ताचा धन विभव सोडियमला बाहेर लोटण्यास जवळजवळ पुरेसा असतो. क्लोराइड पेशी व तिच्या शेजारची लहान साहाय्यक पेशी यांमधील सांधा सैल असतो; त्या फटीतून सोडियम बाहेर पडतो. याच हिशेबाने क्लोराइडला मात्र दाटीच्या आणि विभवाच्या, अशा दोन्ही चढांविरुद्ध जावे लागते. ज्या आयनासाठी खरी ऊर्जा खर्च होते तो क्लोराइडच.

मुखाशी असलेला क्लोराइडचा मार्ग हे मानवी वैद्यकाशी जुळलेले प्रकरण आहे. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगाला कारणीभूत असलेले जनुक १९८९ साली हाती लागले. ते ज्या प्रथिनाचे आहे त्या सीएफटीआरचेच मत्स्यरूप कल्ल्यांतील क्लोराइड पेशींच्या मुखाशी आढळते. मूत्रल औषध फ्युरोसेमाइड मानवी मूत्रपिंडात ज्या सहवाहकाला रोखते, त्याचाच जवळचा नातलग माशाच्या कल्ल्यात वर सांगितलेली चौकडी आत घेण्याचे काम करतो.

मुशी, पाकट इत्यादी उपास्थिमत्स्यांनी हा प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला आहे. त्यांच्या रक्तात दर लिटरला ३५० मिलिमोलच्या आसपास यूरिया साठविलेला असतो. हे १८५८ साली श्टेडेलर व फ्रेरिक्स यांनी नोंदविले. यूरियाने प्रथिनांना पोहोचणारा उपद्रव ट्रायमिथिल अमीन ऑक्साइड या संयुगाने बऱ्याच अंशी शमतो. या दोहोंमुळे रक्ताचे तर्षणमान समुद्राहून किंचित अधिकच राहते, आणि पाणी आपोआप आत झिरपते. पिण्याची गरज उरत नाही. येथे मूत्रपिंडाचे मुख्य काम यूरिया टाकण्याचे नसून तो गाळून आलेल्या द्रवातून परत मिळविण्याचे असते. जादा सोडियम-क्लोराइड गुदग्रंथीवाटे बाहेर पडते, हे बर्जर व हेस यांनी १९६० साली दाखविले. गुदग्रंथीतील यंत्रणा क्लोराइड पेशीतीलच आहे. केवळ जागा बदलली.

इतके झाल्यावर अस्थिमत्स्याच्या मूत्रपिंडाला काय काम उरते? समुद्री माशात ते प्रामुख्याने मॅग्नेशियम व सल्फेट यांच्या उत्सर्गाचे. हे द्विभारी आयन कल्ल्यांतून बाहेर पडत नाहीत. जे थोडेफार रक्तात शिरतात ते मूत्रनलिकेच्या निकट भागातील पेशी नलिकेत टाकतात. त्यासाठी रक्त गाळण्याची गरज नसते. म्हणूनच पुष्कळ समुद्री माशांत केशिकागुच्छ लहान व विरळ असतात, आणि टोडफिश व गूसफिश यांसारख्या काही माशांत प्रौढावस्थेत ते कार्यकारी स्वरूपात नसतातच. ई. के. मार्शल याने अशा माशांचा उपयोग करून, मूत्रनलिका केवळ शोषण करीत नाही तर स्रवणही करते, हे सिद्ध केले. गाळणीच नसलेल्या मूत्रपिंडात जे मूत्र तयार होते, ते स्रवणानेच झालेले असणार. सस्तन प्राण्यांच्या मूत्रपिंडासंबंधीचा तत्कालीन मोठा वाद निकाली निघण्यास या माशाची फार मदत झाली.

गोड्या पाण्यातील माशांत याउलट केशिकागुच्छ मोठे व संख्येने अधिक. आत शिरलेले पाणी गाळून बाहेर काढायचे आणि गाळताना निसटलेली लवणे नलिकेच्या दूरस्थ भागात व मूत्राशयात परत शोषून घ्यायची, अशी तेथील व्यवस्था. मूत्र अतिशय पातळ, आणि दिवसाकाठी शरीरभाराच्या पाच टक्क्यांपासून तीस टक्क्यांपर्यंत. या विरोधावरून मार्शल व स्मिथ यांनी १९३० साली एक भव्य उपपत्ती उभारली. केशिकागुच्छ हा मूलतः पाणी उपसण्याचा पंप; तो गोड्या पाण्यातच उपयोगी; तेव्हा पृष्ठवंशी प्राण्यांचे आद्य पूर्वज गोड्या पाण्यात उत्पन्न झाले असले पाहिजेत. स्मिथने १९५३ साली सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या ग्रंथात ती मोठ्या आकर्षकपणे मांडली आहे.

उपपत्ती सुंदर होती, पण टिकली नाही. हॅगफिश हा जबड्याविना असलेला प्राचीन वंशाचा प्राणी समुद्रात राहतो, त्याचे रक्त समुद्राइतकेच दाट असते, उपसण्याजोगे जादा पाणी त्याच्यापाशी नसते. तरीही त्याला केशिकागुच्छ आहेत. आग्नेय आशियातील गोड्या पाण्यात राहणाऱ्या एका पाइपफिशला ते नाहीत. रॉबर्टसन याने १९५७ साली जीवाश्मांच्या पुराव्याचा फेरविचार करून आद्य पृष्ठवंशी समुद्री होते असा निष्कर्ष काढला, आणि तोच आज सर्वसाधारणपणे मानला जातो. केशिकागुच्छ प्रथम कशासाठीही निर्माण झाला असो, गोड्या पाण्यात शिरणाऱ्या वंशांना तो तयार मिळाला, एवढेच म्हणता येते. रचनेच्या आजच्या उपयोगावरून तिचे मूळ ठरविणे किती धोक्याचे असते, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

गोड्या पाण्यातील माशाची खरी अडचण लवण मिळविण्याची आहे. मूत्र कितीही पातळ असले तरी त्यातून आणि कल्ल्यांतून लवण गळत राहते. ते अन्नातून काही अंशी भरून निघते. पण उपाशी मासाही आठवडेच्या आठवडे आपले रक्त सांभाळून राहतो. क्रोगने १९३७ नंतरच्या प्रयोगांत माशाच्या शरीराचा पुढील भाग व मागील भाग वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवून, दर लिटरला एक मिलिमोलहूनही कमी असलेल्या पाण्यातून क्लोराइड डोक्याकडील भागातच, अर्थात कल्ल्यांवाटे, शोषले जाते हे दाखविले. सोडियम व क्लोराइड परस्परांपासून स्वतंत्रपणे आत येतात, हेही त्याने ओळखले. विद्युत्-भाराचा तोल राखण्यासाठी सोडियमच्या बदल्यात अमोनियम आणि क्लोराइडच्या बदल्यात बायकार्बोनेट बाहेर जात असावेत, असा त्याचा तर्क होता.

समुद्री कल्ल्याचे चित्र जितके निश्चित आहे तितके हे चित्र नाही. रक्तात सोडियम १५० मिलिमोल, पाण्यात एकाहून कमी. साध्या सोडियम-हायड्रोजन विनिमयाने एवढा चढ चढता येईल का, असा आक्षेप घेतला गेला. त्यावर उपाय म्हणून, हायड्रोजन आयन उपसणारा वेगळा पंप पेशीच्या मुखाशी ऋण विभव निर्माण करतो व सोडियम त्या ओढीने एका मार्गातून आत येतो, अशी योजना सुचविण्यात आली. २००७ च्या सुमारास कल्ल्यांत अमोनिया वाहून नेणारी ऱ्हीसस-वर्गीय प्रथिने सापडल्यावर, बाहेर जाणारा अमोनिया पेशीच्या मुखाजवळील हायड्रोजन आयन टिपून विनिमयाला अनुकूल स्थिती निर्माण करतो, असे दिसू लागले आणि क्रोगचा अमोनियमविषयीचा तर्क नव्या रूपात परत आला. तिलापियात तर सोडियम व क्लोराइड एकत्र आत घेणारा सहवाहकही आढळला आहे. सर्व मासे एकच पद्धत वापरतात हे गृहीतकच बहुधा सोडावे लागेल. गोड्या पाण्यात प्रवेश निरनिराळ्या वंशांनी निरनिराळ्या काळी केला, आणि प्रत्येकाने हाताशी असलेली साधने वापरली.

जे मासे दोन्ही पाण्यांत वावरतात त्यांना ही सगळी व्यवस्था उलटवावी लागते. कोकणच्या खाड्यांतील जिताडा याचे परिचित उदाहरण होय. तो खाडीमुखाजवळच्या खाऱ्या पाण्यात अंडी घालतो, त्याची पिले खाडीने वर येतात. रायगड जिल्ह्यातील अलिबाग-पेण भागात ती आणून गोड्या पाण्याच्या तळ्यांत वाढविण्याची जुनी पद्धत आहे. अशा माशाला समुद्रातून आत येताना पिणे कमी करावे लागते, कल्ल्यांतील सैल सांधे घट्ट करावे लागतात, बहिर्मुख क्लोराइड पेशींच्या जागी अंतर्मुख कार्याच्या पेशी आणाव्या लागतात, आणि मूत्रपिंडातील गाळण कित्येक पटींनी वाढवावी लागते. यांपैकी पहिल्या गोष्टी काही तासांत होतात. पेशींच्या अदलाबदलीला काही दिवस लागतात.

या बदलाचे सूत्र अंतःस्रावांच्या हाती असते. पिकफर्ड व फिलिप्स यांनी १९५९ साली पोष ग्रंथी काढून टाकलेले किलिफिश गोड्या पाण्यात ठेवले. ते मरू लागले. समुद्रजलात ठेवलेले तसेच मासे जगले. गोड्या पाण्यातील माशांना प्रोलॅक्टिन टोचल्यावर तेही जगले. सस्तन प्राण्यांत दुग्धोत्पादनाशी निगडित म्हणून ओळखला जाणारा हा स्राव माशात लवण धरून ठेवण्याचे काम करतो. समुद्राकडे जाताना कॉर्टिसॉल व वृद्धिस्राव क्लोराइड पेशींची वाढ घडवून आणतात.

काळाचे महत्त्व येथे मोठे आहे. भारतात १९५२ साली आणलेला मोझांबिक तिलापिया गोड्या पाण्यातून एकदम पूर्ण खाऱ्या पाण्यात टाकल्यास सहसा काही तासांत मरतो. तोच काही दिवस निमखाऱ्या पाण्यात ठेवून मग समुद्रजलात सोडल्यास उत्तम जगतो व वाढतो. सामन माशाची पिले याहून पुढची तरतूद करतात. समुद्राच्या पाण्याचा स्पर्श होण्यापूर्वी, नदीत असतानाच, वसंत ऋतूतील वाढत्या दिवसमानाबरोबर त्यांच्या कल्ल्यांतील सोडियम-पोटॅशियम एटीपेझची क्रिया वाढते आणि क्लोराइड पेशी सज्ज होतात. या दिवसांत त्यांना समुद्र गाठता आला नाही, तर काही आठवड्यांत ती सज्जता ओसरते, आणि तीच पिले समुद्रजलात पुन्हा असमर्थ ठरतात.